आजीच्या नारायणपेठला कात्री नको!

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीत पुढच्या महिन्यात गच्चीवर पडदा लावून जुना पिक्चर दाखवणारेत. थीम साठच्या दशकातला हिंदी सिनेमा, आणि सगळ्यांनी तसंच नटून यायचं. मला 'ब्रह्मचारी'मधल्या मुमताजची ती नारिंगी साडी करायचीय. नवीन काही विकत घ्यायचं नाही असं नवऱ्याचं आणि माझं ठरलंय. कपाटात आजीची नारायणपेठ नऊवारी आहे, आईची प्लेन नारिंगी जॉर्जेट आहे आणि आत्याचा बिनबाह्यांचा सॅटिनचा ब्लाउज, पण तो मला घट्ट होतो. नारायणपेठचे काठ कापून जॉर्जेटला लावले तर? केस साधना कट करू का? आणि नवऱ्याला सासऱ्यांची बेलबॉटम चालेल ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अगं, काठ अजिबात कापू नकोस. एक तर आजीची साडी परत मिळायची नाही, आणि दुसरं म्हणजे ते काठ जॉर्जेटला पेलणारच नाहीत, जरीचा काठ जड आणि जॉर्जेट पातळ, दोन पावलं चाललीस की सगळा झोळ खाली. त्यापेक्षा बाजारात मीटरवर मिळते ती हलकी सोनेरी लेस आण, एवढा एक खर्च कर, आणि ती कच्च्या टाक्याने लाव म्हणजे नंतर उसवून आईची साडी होती तशी परत देता येईल.

नारायणपेठ नुसती बाहेर काढून बघ मात्र. रेशीम असेल तर उजेडासमोर धर, घडीच्या रेघांवर बारीक चिरा दिसल्या तर ती आता नेसायची राहिली नाही, मलमलच्या कापडात गुंडाळून ठेव आणि दर काही महिन्यांनी घडी बदल. मी मावशीची अशीच एक साडी एका नाटकाला नेसले होते, खांद्यावर पिन लावली आणि पदर सावरताना पिनेपासून खाली वीतभर रेशीम सुटत गेलं, फाटल्याचा आवाजसुद्धा आला नाही. अजून वाईट वाटतं.

आता मुमताजची साडी. ती भानू अथय्यांनी केली होती, आपल्या कोल्हापूरच्या, पुढे 'गांधी'साठी 1983 साली ऑस्कर मिळालेल्या, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. 'ब्रह्मचारी' 1968 चा. मुमताजला त्यात नाचायचं होतं म्हणून साडी आधीच शिवून तयार केलेली होती, चेन लावून, घागऱ्यासारखी चढवायची. म्हणजे तूही नेसायच्या भानगडीत पडूच नकोस, शिवूनच टाक, फक्त कच्ची.

अंगाबरोबर बसणारा फिशकट परकर घाल, त्याच रंगाच्या जवळपासचा. त्यावर साडीचा पहिला वेढा घोट्यापर्यंत घे, निऱ्या घालायच्या नाहीत, आणि पुढचा प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा वीतभर वर घेत जा, तिरका, म्हणजे लेसच्या किनारी पायऱ्यांसारख्या एकावर एक दिसतील. दोन-तीन वेढ्यांत तो आकार येतो आणि लोक ओळखतात ते आकारावरूनच, रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो. राहिलेला पदर बारीक चुण्या घालून डाव्या खांद्यावर. मग कोणाकडून तरी अंगावरच पिना लावून घे, पिनेच्या मागे कापडाचा छोटा तुकडा धर नाहीतर जॉर्जेटचे धागे ओढले जातात. डाव्या बाजूला वीतभर भाग मोकळा सोड, तिथे हूक लावायचे, नाहीतर तुला त्यातून बाहेरच येता येणार नाही. सगळं उतरवून परकराला टाके घाल. आणि शिवून झालं की एक मजला जिना चढून बघ हं, गच्चीवर जायचंय तुला! पाऊल पुरत नसेल तर खालचा वेढा थोडा सैल कर.

ब्लाउजचं सोपं आहे. जुन्या शिंप्यांनी आत भरपूर माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड, ठेवलेली असते, उलटा करून बघ, दोन्ही बाजूंना बोटभर तरी निघेल. उसवलीस की आतली पट्टी मूळ रंगाची, एकदम चकचकीत दिसेल कारण तिला कधी ऊन लागलेलंच नाही, पण ती बगलेखाली जाते, काळजी करू नको. तेवढ्याने नाही भागलं तर बगलेत चौबगला, म्हणजे कापडाचा छोटा जोडतुकडा, घाल. डांबराच्या गोळ्यांचा वास असेल तर दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्यावर टांग, वर अत्तर मारू नकोस, सॅटिनवर डाग पडतात.

साधना कट नको. तो कपाळावरच्या झुलपांचा कट 1960 च्या 'लव्ह इन शिमला'मुळे आला आणि तो घट्ट कुर्ता-चुडीदारवर शोभतो. मुमताजला मागे उंच फुगवलेले केसच हवेत. दोन नट्या एका अंगावर आणल्या की एकही ओळखू येत नाही. काजळाची शेपटी डोळ्याबाहेर ओढ, बास.

बेलबॉटम सत्तरच्या दशकातली, त्यामुळे ती तशीच नको. साठमध्ये पँट खाली निमुळती असायची. सासऱ्यांची पँट कापू नका, उलटी करून गुडघ्यापासून खाली आतल्या शिवणीला दुमडून कच्चा टाका घाला, घेर लगेच कमी होतो. रुंद टाय असेल तर मागच्या बाजूने दुमडून तीही तशीच बारीक करता येते.

आणि पिना लावायला आत्यालाच बोलाव. असा ब्लाउज घालून ती तेव्हा फिरलीय, केस किती उंच फुगवायचे आणि आत काय भरायचं हे तिच्याइतकं चांगलं तुला कोणी सांगणार नाही.