कोलेस्टेरॉल २४८ आलंय, वय ३९. गोळी न घेता आयुर्वेदाने नैसर्गिकरीत्या कमी करता येईल का?

येईल, पण त्या २४८ मधलं नेमकं काय कमी करायचंय ते आधी बघा. परवाच पुण्याहून भाच्याचा फोन येऊन गेला आणि आज तुमचा हा प्रश्न समोर आला, म्हणून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. कराडला एका पतसंस्थेत बावीस वर्षं हिशेब बघते.

२०१९ मध्ये आमच्या संस्थेत सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. मला तेव्हा ४१वं लागलं होतं, वजन ५१ किलो. रिपोर्टमध्ये टोटल २९५, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) २०४, एचडीएल (चांगलं) ४०, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २५५. डॉक्टरांनी लगेच कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, स्टॅटिन, लिहून दिली. ती चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली आणि दादाला फोन केला. आई गेल्यापासून घरातलं काहीही झालं की आधी दादाला सांगायचं, अशी सवयच आहे.

दुसऱ्या दिवशी दादा विट्याहून एसटीने आला, मांडीवर चिनी मातीची भरणी घेऊन. लिंबू, आलं आणि लसूण यांचा रस, त्यात तेवढंच अॅपल सायडर व्हिनेगर, चार कपांचे तीन कप होईपर्यंत मंद आचेवर आटवायचं आणि गार झालं की तीन कप मध. हा काढा तुमच्याही मोबाइलवर कधीतरी आला असेलच. लसूण त्याने स्वतः रात्री बसून सोलला होता, बोटांना वास येत होता. त्याच्या मायेबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण सफरचंदाचं व्हिनेगर आपल्या कुठल्या संहितेत आहे? त्याला आयुर्वेद कुणी म्हटलं? आणि ट्रायग्लिसराइड तर गोडानेही वाढतात, मग ज्या बाईचे ते २५५ आहेत तिला रोज उपाशीपोटी मध? त्या भरणीत निम्मं तर मधच होतं.

तीन आठवडे घेतला. छातीत जळजळ व्हायला लागली तेव्हा बंद केला, आणि दादाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. ती माझी मोठी चूक. कारण चार महिन्यांनी रिपोर्ट आला तो टोटल २५८ चा, आणि दादाने तो साऱ्या नातेवाइकांत फिरवला. २९५ वरून २५८, गोळीशिवाय! आजही विट्यात तो लोकांना ती भरणी भरून देतो आणि सोबत माझं उदाहरण देतो.

आता तो ३७ चा फरक जरा माझ्या पद्धतीने मांडते. टोटल ही बेरीज असते: एलडीएल, एचडीएल आणि व्हीएलडीएल. यातला व्हीएलडीएल, म्हणजे ट्रायग्लिसराइड वाहून नेणारा भाग, बहुतेक ठिकाणी वेगळा मोजत नाहीत, ट्रायग्लिसराइडला पाचाने भागून काढतात. माझे ट्रायग्लिसराइड २५५ वरून १४० वर आले, म्हणजे व्हीएलडीएल ५१ वरून २८. तिथेच २३ गेले. एचडीएल दोनाने वाढून ४२ झाला. आणि एलडीएल, जो रक्तवाहिन्यांत जाऊन बसतो, ज्याच्यासाठी ही सगळी धडपड, तो २०४ वरून १८८. फक्त १६ ने कमी. बेरीज सुंदर दिसत होती, पण ज्या खात्यात खरी थकबाकी होती ते जवळजवळ जागच्या जागी होतं.

हे २३ आणि १६ कमी झाले ते कशाने, तेही सांगते. काढा तर चौथ्या आठवड्यातच बंद पडला होता. आईच्या माहेरचे जुने वैद्य कराडातच असायचे, आम्ही त्यांना वैद्यकाका म्हणायचो. मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि दिवसभरात काय काय खाते ते विचारलं. ऑफिसात पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, चारच्या चहाबरोबर खारी, आणि कर्ज फिटलं की सभासद आणतात ते पेढे. हे सगळं त्यांनी बंद केलं. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत. गव्हाची पोळी बंद, जव आणि ज्वारी निम्मी निम्मी करून भाकरी. जवाच्या पिठाला चिकटपणा कमी असतो, नुसती थापायला घेतली की कडा फाटतात. पिठाची उकड काढून घेतली की जमते, आणि तव्यावर टाकताना हात हलका ठेवायचा. जेवणाआधी इसबगोल, जेवणात ताक, तोंडी लावायला जवसाची चटणी. रोज पाऊण तास प्रीतिसंगमाच्या घाटावर भरभर चालणं, गप्पा मारत नाही.

चरकाने सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात स्थूल माणसासाठी जव, मध, तक्रारिष्ट (ताकाचं आंबवलेलं औषध), त्रिफळा आणि व्यायाम सांगितलेत. तत्त्व असं, की पोटात जड राहावं पण पोषण कमी व्हावं. आज जवातल्या बीटा-ग्लुकन नावाच्या विरघळणाऱ्या तंतूबद्दल हेच सांगतात. रोज साधारण ३ ग्रॅम पोटात गेला तर एलडीएल थोडा उतरतो, इसबगोलही तेच काम करतो. थोडा म्हणजे पाच-दहा टक्के. माझा आठ टक्के उतरला. म्हणजे उपाय लागू पडला, मी नीट केला आणि त्याची जेवढी पोच आहे तेवढं फळ मिळालं. आयुर्वेदाचा मला अभिमान आहे, म्हणूनच हे स्पष्ट लिहितेय.

तो दुसरा रिपोर्ट घेऊन मी आनंदाने वैद्यकाकांकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून एलडीएलवर बोट ठेवलं आणि विचारलं, "तुझी आई कितव्या वर्षी गेली?"

"एक्कावन्नाव्या."

"आणि मामा?"

"सेहेचाळीस."

मग त्यांनी मला पाय पुढे करायला सांगून टाचेमागचा जाड स्नायुबंध चिमटीत धरून पाहिला. पापण्या पाहिल्या. म्हणाले, "तुझ्या आईच्या पापण्यांवर, नाकाकडच्या बाजूला, पिवळे ठिपके होते. मी पाहिले होते गं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही."

ते ठिपके मलाही आठवतात. लग्नकार्याला जाताना आई त्यांवर पावडर दाबून लावायची. घरातल्या फोटोत नीट पाहिलं तर आजही दिसतात. आम्हाला वाटायचं वयाने आलेत, पण ते कातडीखाली साठलेलं कोलेस्टेरॉल होतं.

वैद्यकाका पुढे म्हणाले, "तू स्थूल नाहीस. हा मेदोरोग, म्हणजे लठ्ठपणाचा आजार, नव्हे, मेद म्हणजे कोलेस्टेरॉलही नव्हे. हे तुझ्या आईकडून आलंय. जेवण मी सांगितलं तेच ठेव आणि त्या डॉक्टरची गोळी आजपासून सुरू कर." एका वैद्याने मला गोळी घ्यायला सांगितली. दादाला हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसला नाही.

पुढे हृदयाच्या डॉक्टरांनीही तेच निदान केलं. रक्तातला एलडीएल उचलून घ्यायला यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात. काही घराण्यांत ते जन्मापासूनच कमी किंवा सदोष असतात. अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हा प्रकार असतो आणि आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. तिथे तुम्ही कितीही जव खा, उचलणारे हातच कमी आहेत. स्टॅटिन यकृतातलं कोलेस्टेरॉल तयार होणं कमी करतं, मग यकृत रक्तातून जास्त ओढायला लागतं. गोळी सुरू केल्यावर सहा आठवड्यांनी माझा एलडीएल १०९ आला.

दादा गोळीला "केमिकल" म्हणतो. त्याला मी सांगून थकले, की हे औषध पहिल्यांदा सापडलं ते बुरशीत. जपानमधल्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात शोधलं आणि १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली स्टॅटिन गोळीही एका बुरशीपासूनच काढलेली. निसर्गातलंच हवं असेल तर हे घ्या ना.

आणि गुग्गुळ, म्हणजे त्या नावाच्या झाडाचा डिंक. तुम्हाला दहा जण मेदोहर (मेद कमी करणारा) गुग्गुळ सांगतील. त्याचा इतिहास खरोखर मोठा आहे. सुश्रुताच्या वर्णनाचा धागा पकडून बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ मध्ये गुग्गुळावर प्रबंध लिहिला आणि पुढे लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध-संशोधन संस्थेने त्यापासून औषध बनवून बाजारात आणलं. आपल्याकडच्या चाचण्यांत गुण दिसला. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली, तेव्हा गुग्गुळ घेणाऱ्यांचा एलडीएल उलट थोडा वाढला आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. तिथलं खाणंपिणं वेगळं, हे मान्य. पण ज्याचा एलडीएल २०० आहे त्याने एवढ्या आधारावर गोळी सोडू नये. शिवाय कच्छ-राजस्थानातली ती झाडं डिंकासाठी ओरबाडून नामशेष व्हायच्या वाटेवर आहेत.

आता भाच्याचा फोन. दादाचा मुलगा, वय २४, सडपातळ, रोज जिमला जातो. कंपनीच्या मेडिकलमध्ये एलडीएल २११. "आत्या, पप्पा म्हणतात काढा पाठवतो, डॉक्टरकडे जाऊ नकोस." दादाने स्वतः आजवर एकदाही तपासलेलं नाही. तो म्हणतो, आई कामाने आणि काळजीने गेली, आपल्या रक्तात काही नाही. त्याच्या मनात काय आहे ते मला कळतं. आई पहाटे चारला उठायची, त्याच्या शिक्षणासाठी तिने दुसऱ्यांच्या शेतात राबून दिवस काढले. तिचं जाणं त्याने त्या कष्टांच्या खाती लिहून ठेवलंय आणि ती नोंद त्याला खोडायची नाही. दादा, कष्ट खरेच होते. पापणीवरचे ठिपकेही खरे होते. तू ५२ चा आहेस, आई गेली तेव्हा होती त्यापेक्षा एक वर्षाने मोठा. आणि ती भरणी मी तीन आठवड्यांतच मोरीत ओतली होती. माझ्या नावावर लोकांना ती देऊ नकोस.

भाच्याला मी पुढच्या शनिवारची वेळ घेऊन दिली आहे. स्वतः जातेय त्याच्याबरोबर.

तुमच्याकडे वळते. थायरॉइड तपासून घ्या, तो कमी असला तरी कोलेस्टेरॉल वाढतं आणि मग औषध वेगळंच लागतं. थायरॉइडची किंवा इतर कुठली गोळी चालू असेल तर गुग्गुळ विचारल्याशिवाय घेऊ नका. इसबगोल आणि गोळ्या एकदम घेऊ नका, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या. लेबल नसलेलं चूर्ण किंवा भस्म कुणी कितीही प्रेमाने दिलं तरी नको, त्यात शिसं-पारा निघाल्याची उदाहरणं आहेत. स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा गोळी बदलता येते, मनाने सोडू नका. बाळाचा विचार असलेल्या बायकांनी तर गोळीबद्दल आधीच बोलावं.

ट्रायग्लिसराइडच वाढलेले असतील आणि घराण्यात काही नसेल, तर तीन महिने जव, ताक, चालणं आणि बिनसाखरेचा चहा नेटाने करून पुन्हा तपासा. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं, कदाचित तुमचंही भागेल. पण नुसत्या २४८ वरून मला काहीच सांगता येणार नाही. एलडीएल किती, ट्रायग्लिसराइड किती, साखर आणि बीपी आहे का, आणि आईकडच्या किंवा वडिलांकडच्या कुणाला साठीच्या आत हृदयविकार झाला होता का, एवढं खाली लिहा.