मंदीवर रणगाड्यांचा उतारा?

प्रश्न : १९३०च्या महामंदीतून अमेरिकेला युद्धखर्चानं बाहेर काढलं म्हणतात. मग मंदी आली की सरकारनं रणगाडेच बनवावेत का?

उत्तर : अकरावीची पोरं मला दरवर्षी नेमकं हेच विचारायची! आकडे ठसठशीत आहेत खरे. १९३३ मध्ये तिथे चारांतला एक कामगार घरी बसलेला. १९४० मध्येही बेकारी १४ टक्क्यांवर. १९४४ मध्ये ती जेमतेम १.२ टक्के. (तेव्हा कोटीभर माणसं सैन्याच्या गणवेशात होती, हे विसरू नका.)

रणगाड्यात जादू नव्हती. कारखाने रिकामे, हातही रिकामे. सरकारनं कर्ज काढून ऑर्डरी दिल्या, पगार झाले, पैसा फिरला. धरणांवर, शाळांवर तेवढाच खर्च केला असता तरी चाक हललंच असतं. पण शांततेच्या काळात एवढं कर्ज काढायला कोणी राजी नव्हतं.

आणि चैन म्हणाल तर ती कुठली! फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारी बनवणं बंद, पाठोपाठ साखर रेशनवर. खिशात पगार, दुकानात माल नाही. मग लोकांनी युद्धरोखे घेतले, म्हणजे युद्धासाठी सरकारलाच पैसे उसने दिले. ती शिल्लक बाहेर पडली १९४५ नंतर, घरं, फ्रीज आणि मोटारी घेताना.