लेकरा, दिसलेलं वेगळं लिही

लेकरा,

बीटेकनंतर नेव्हीत जाऊ का, सायबरला का इंटेलिजन्सला, असं विचारणारा तुझा मेसेज रात्री अकराला वाचला आणि मग झोपच लागली नाही. चांगलं लांबलचक लिहिलंस, त्यात "म्हणतात" हा शब्द मी मोजला, नऊ वेळा आलाय. सायबरला स्कोप आहे म्हणतात, नेव्हीत पोरींना जहाजावर पाठवत नाहीत म्हणतात, इंटेलिजन्समध्ये गेलं की आयुष्यभर तोंड बंद ठेवावं लागतं म्हणतात. अगं कोण म्हणतंय? लातूरच्या क्लासमधली पोरं का तुझे मामा? तू स्वतः त्यातलं काय बघितलंस, काय वाचलंस, त्याची एक ओळ नाही. २०२३ ला आयएनएस त्रिंकट या युद्धनौकेची कमान प्रेरणा देवस्थळी यांच्याकडे दिल्याचं जाहीर झालं. बाई, आणि त्यातही मराठी. हे दोन मिनिटांत सापडलं असतं तुला.

माझे वडील कोतवाल होते हे तुला माहीत आहे. गारपीट झाली की तलाठ्यासोबत पंचनाम्याला शिवारात फिरायचे. एकदा तलाठी आप्पा पारावर बसूनच सगळ्या गावाची नुकसानी लिहायला लागले, ऊन लई होतं आणि दिवस कमी होते. वडिलांनी आमच्या वावरातलं झोडपलेलं ज्वारीचं धाट आणून त्यांच्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, आप्पा, हे बघितलं म्हणून लिहा, ओढ्यापलीकडं आपण गेलो नाहीत, तिथं गेलो नाहीत असंच लिहा. मी तेव्हा सातवीत होतो, धाटाच्या चिरफळ्यातून अजून पाणी गळत होतं एवढं आठवतं. पुढं तीस वर्षं नेव्हीत काढली, आधी सिग्नल, मग माहितीचं टेबल, पण ह्याच्यापेक्षा मोठं मला कुणी काही शिकवलं नाही. दिसलेलं वेगळं लिही, वाटलेलं वेगळं लिही.

आणि तरी मीच चुकलो. लेफ्टनंट कमांडर असताना रात्रीच्या ड्युटीला रडारवर एक ठिपका होता, एआयएसवर, म्हणजे जहाजं आपली ओळख आपोआप कळवतात त्या यंत्रणेवर, नाव नाही, हळूहळू सरकत होता. मी नोंदीत "मासेमारी बोट" लिहून मोकळा झालो. बघितली कुणीच नव्हती, मला तसं वाटलं होतं, बस. ती मासेमारी बोट नव्हतीच, इंजिन बंद पडून वाहत चाललेलं मालवाहू गलबत होतं, आणि माझ्या त्या दोन शब्दांमुळं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिकडं कुणी गेलं नाही. पाचही खलाशी वाचले, पण त्यातल्या सगळ्यात लहान पोराचा फोटो नंतर मी बघितला, ओठ भेगाळलेल्या काळ्या रानासारखे झाले होते. "अनोळखी" एवढं लिहिलं असतं तर कुणीतरी पहाटेच निघालं असतं. हे मी बायकोलाही लई उशिरा सांगितलं.

समोरचा आपल्याला चुकीचं "वाटावं" म्हणूनच तर काम करत असतो. १९७१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी आपली विमानवाहू नौका विक्रांत अंदमानला दडवली आणि विशाखापट्टणमजवळ आयएनएस राजपूत या दुसऱ्या युद्धनौकेला विक्रांत असल्याचं सोंग घ्यायला लावलं, खोटे सिग्नल सोडले, बाजारात मोठ्या रेशनच्या ऑर्डरी दिल्या, विक्रांतवरचा कुणी खलाशी आजारी आईची चौकशी करतोय असा साधा उघडा निरोपसुद्धा पाठवला. पाकिस्तानची पाणबुडी गाझी विक्रांतच्या शोधात आली आणि ३ डिसेंबरच्या रात्री तिथंच बुडाली. नेमकी कशानं फुटली यावर दोन्ही देशांचं आजही जुळत नाही, म्हणून मीपण ते लिहीत नाही.

सायबरमध्ये तर सोंग घेणं आणखी स्वस्त. २०१८ ला दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकवर हल्ला झाला, व्हायरसमध्ये उत्तर कोरियाच्या टोळीच्या खुणा मुद्दाम पेरलेल्या होत्या, भले भले फसले, आणि २०२० ला अमेरिकेनं रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यातल्या माणसांवर आरोपपत्र ठेवलं. कोडमध्ये उत्तर कोरियाच्या खुणा दिसल्या हे खरं. उत्तर कोरियानं केलं हे वाटलेलं. ह्या दोन वाक्यांमध्ये युद्ध लागू शकतं गं.

बाकी तू विचारलंस ते पटकन सांगतो. बीटेक झाल्यावर शॉर्ट सर्व्हिसची आयटी एन्ट्री असते, दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ६० टक्के लागतात, तुझे किती ते बघ. दहा वर्षांची नोकरी, पुढं चार वर्षं वाढू शकते. केरळात एझिमलाला नेव्हीची अकादमी आहे, तिथं पहिल्या दिवशी कुणी हातात कीबोर्ड देत नाही, पहाटे पळवतात आणि पाण्यात ढकलतात. गुरुग्रामला आयमॅक हे नेव्हीचं माहिती केंद्र आहे, २०१४ पासून, सगळ्या किनाऱ्याची माहिती एका जागी यावी म्हणून उभं केलं, कारण २६/११ ला दहा अतिरेकी कुबेर ही मासेमारी बोट बळकावून समुद्रातून आले तेव्हा माहितीचे तुकडे वेगवेगळ्या टेबलांवर पडून होते. तिथं बसायचं स्वप्न बघ, पण आधी समुद्र बघ.

तू विचारलंस, काका तुम्ही कमांडर म्हणूनच का रिटायर झालात. एका अहवालात मी "शक्यता आहे" लिहिलं होतं, मला ते "खात्री आहे" करायला सांगितलं, मी केलं नाही. तेवढ्यावरूनच प्रमोशन गेलं का? मला तसं वाटतं. दिसलेलं एवढंच की यादीत नाव नव्हतं. लोक हट्टी म्हणतात, म्हणू देत, पण त्या गलबतानंतर मी दुसरं काय करायला पाहिजे होतं हे मला कुणीतरी सांगावं. परत वेळ आली तर परत तेच करीन.

आता एक कर, वहीचं पान घे, मधे रेघ मार, तुझे नऊ "म्हणतात" एका बाजूला लिही, आणि त्यातलं जे जे तू स्वतः तपासलंस ते दुसऱ्या बाजूला. रविवारी ते पान घेऊन गावाकडं ये. पोहता येत नाही असं लिहिलंस, ते मात्र खरं असणार. विहिरीला अजून दोन परस, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढं, पाणी आहे. मला वडिलांनी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून शिकवलं होतं, तुझ्यासाठीही एक काढून ठेवलाय.

काका