पाणी किती फुटांवर आलंय?

डॅलसहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर शिवाजी पेठेतलं, तिकडं जाऊन ११ वर्षं झाली. शाळेतल्या सात मैत्रिणींचा व्हॉट्सॲपवर गट आहे आणि त्यातल्या सहाजणी कोल्हापुरातच राहतात. ताई लिहितात : ‘सकाळी उठून बघते तर शंभर-सव्वाशे मेसेज. कुणाची कामवाली आली नाही, कुणाची गवार कडू निघाली, आज कुणाच्या घरी रस्सा. मी सगळं वाचते, पण मधे काय बोलावं तेच सुचत नाही. गेल्या मे महिन्यात आले तेव्हा सगळ्या भेटल्या, मिठ्या मारल्या, अर्ध्या तासात बोलणं संपलं. मग त्या आपापसांत बोलत राहिल्या आणि मी ऐकत बसले. आमची मैत्री संपली का हो?’

ताई, मैत्री संपलेली नाही. संपली असती तर कडू गवारीचा मेसेज तुमच्या ध्यानातसुद्धा राहिला नसता.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात एक गोष्ट सारखी टोचत राहिली. गटात तुम्ही शेवटचं काय टाकलं होतं, ते तुम्हीच लिहिलंय : नव्या घराच्या वास्तुशांतीचे फोटो. त्याआधी मुलीच्या वाढदिवसाचे, त्याआधी ग्रँड कॅन्यनचे. म्हणजे मैत्रिणींना तुमचे सणवार ठाऊक आहेत, पण तुमचा मंगळवार कुणालाच ठाऊक नाही. आपलं बोलणं तर मंगळवारांवरच चालतं. वास्तुशांतीच्या फोटोवर माणूस ‘अभिनंदन’ लिहितो आणि गप्प बसतो. ‘आज कुकरची शिट्टीच होईना, वरण तसंच कच्चं वाढलं’ असं लिहा, मग बघा, पाचजणी पाच उपाय सांगतील आणि सहावी तिच्या सासूची गोष्ट काढेल.

हे मी वरून सांगत नाही. माझी बालमैत्रीण मेलबर्नला गेली, तेव्हा चूक इकडच्या बाजूनं, म्हणजे माझ्याकडून झाली. कपिलतीर्थ मंडईत मेथीची पेंडी कितीला मिळाली, हे त्या बिचारीला काय सांगायचं, तिला तिकडं काय कमी व्याप आहेत, असा विचार करून मी बारीकसारीक सांगायचं सोडलं. मोठं काही झालं की कळवू, म्हटलं. आणि मोठं झालं तेव्हा फोन करायला जीभच उचलेना, कारण मधलं काहीच तिला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं तिला तिच्या वहिनीकडून कळलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती गप्प झाली. आठ महिने गेले तसे.

शेवटी एका सकाळी मंडईत उभी राहून मी फोन चालू केला आणि पाऊण मिनिटाचा आवाज तिला पाठवला. मी त्यात फक्त एवढंच बोलले, ‘कोथिंबीर घेतोय, तुला पायजे काय?’ मागं भाजीवाल्यांचा गलका होता. तिचं उत्तर आलं तेव्हा ती रडत होती, आणि कोथिंबीर कितीला ते विचारत होती.

म्हणून पहिलं सांगणं हेच की लिहिण्यापेक्षा बोलून पाठवा. तिकडं गाडीत बसल्यावर, भांडी घासताना, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना. अर्ध्या मिनिटाचं पुरे. बातमी हवीच असं नाही.

विचारतानाही जरा नेमकं विचारा. ‘कशा आहात सगळ्या?’ म्हटलं की ‘मजेत’ येतं आणि विषय तिथंच मिटतो. उन्हाळ्यात विचारा, रंकाळा तलावातला दगडी संध्यामठ किती उघडा पडलाय? पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो आणि पाणी उतरेल तसा वर येतो, हे तुम्ही लहानपणापासून बघितलंय. जानेवारीच्या अखेरीला विचारा, किरणोत्सवात मावळतीची किरणं देवळात अंबाबाईच्या चरणांवरच थांबली की चेहऱ्यापर्यंत पोचली? ज्या वर्षी आभाळ आड येतं त्या वर्षी इथं चार दिवस त्याचीच हळहळ चालते. भावाला किंवा नवऱ्याच्या मित्रांना काही विचारायचं सुचत नसेल तर शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलचं विचारा. कुठल्या पेठेची, कुठल्या तालमीची टीम, एवढं नाव घेतलं की पुढचा तासभर तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

आणि पावसाळ्यात तर एकच प्रश्न, जो इथं रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे विचारतात : पाणी किती फुटांवर? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांना इशाऱ्याची, ४३ फुटांना धोक्याची. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, हे त्याच्या पाठोपाठ आलंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली, महामार्ग बंद पडला. तेव्हापासून ३९ चा आकडा ऐकला की काही गल्ल्यांत लोक खालचं सामान माळ्यावर चढवायला लागतात.

इथं जरा थांबून सांगते. त्या दोन्ही पुरांत परदेशातून आलेले निरोप मी पाहिले आहेत. बरेचजण टीव्हीवरचे व्हिडिओ आम्हालाच परत पाठवत होते. भीती असते हो, ती कळते. पण दारात पाणी आलेल्या माणसाला पाण्याचा व्हिडिओ नको असतो. त्यापेक्षा विचारावं, ‘लाईट आहे का? पिण्याचं पाणी आहे का? आईंना कुठं हलवलं?’ आणि फोनची बॅटरी संपवू नये. एका बाईनं कॅनडातून रोज रात्री एकच ओळ पाठवली होती माझ्या शेजारणीला : ‘आज कितव्या पायरीवर?’ शेजारीण पायरीचा आकडा पाठवायची, बस्स. त्या दोघी त्याआधी नुसत्या ओळखीच्या होत्या. आता एकमेकींच्या पोरांच्या परीक्षासुद्धा पाठ असतात.

वेळेचं म्हणाल तर तुमच्या घड्याळाशी जमतंय की. इथं शनिवारी रात्री नऊला जेवणं आटपलेली असतात, तेव्हा डॅलसला उन्हाळ्यात शनिवारचे सकाळचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. पण मला विचाराल तर त्याहून बरी वेळ दुसरीच आहे. तुमच्या दोन मैत्रिणी सकाळी सातला रंकाळ्याला फिरायला जातात असं लिहिलंय. तेव्हा तुमच्याकडं आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ असतात, हिवाळ्यात साडेसात. त्यांची फेरी आणि तुमचा ओटा आवरणं, दोन्ही एकदम चालू दे. समोरासमोर चेहरा धरून बसलं की बोलायचं ओझं येतं. हात कामात असले की आपोआप बोललं जातं. व्हिडिओ नकोच, नुसता आवाज. मधे कुणी ओळखीचं भेटलं तर त्या थांबतील, तुम्हीही ऐका. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमचं घड्याळ सरकतं, ते मैत्रिणींना आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘फोन उचलला नाही’ म्हणून उगाच गैरसमज.

मुलीबद्दल तुम्ही शेवटी दोन ओळीच लिहिल्या आहेत, पण माझा जीव तिथं अडकला. नऊ वर्षांची पोर ‘आजी, मी जेवलो’ म्हणते आणि रविवारच्या मराठी वर्गात तिला ‘जेवले म्हण’ असं सांगतात. ताई, ती चुकत नाही. आपल्याकडच्या बायका आलो, गेलो, जेवलोच म्हणतात. मीही लिहिताना ‘गेले’ लिहिते आणि बोलताना ‘गेलो’ म्हणते. तिला दोन्ही येऊ देत. वर्गात वर्गातलं, आजीशी आजीचं. तिला हे व्याकरणाच्या पुस्तकातनं मिळालेलं नाही, तुमच्या आईच्या फोनवरच्या बोलण्यातनं मिळालंय. तिनं ते सोडलं तर परत कुठं शोधणार? तिला त्या फिरतीच्या फोनवरही दोन मिनिटं येऊ द्या. मावशा तिला ‘काय गं भवाने’ म्हणतील, तेही कानावर पडू दे.

एक मात्र सांभाळा. सहाजणी ज्या तक्रारी करतात, रस्त्यातले खड्डे, पाणी न येणं, धूळ, त्यावर ‘आमच्याकडं असं नसतं’ हे वाक्य काढू नका. खरं असलं तरी नको. त्या उपाय मागत नाहीत, त्या कुरकुरतात, आणि तुम्हीही कुरकुरा. तिकडं गारपिटीनं गाडीचा पत्रा चेपतो, डॉक्टरची वेळ लवकर मिळत नाही, हे त्यांना कधी सांगितलंय? इथं सगळ्यांना वाटतं तुमचं सगळं छान चाललंय. छान चाललेल्या माणसाशी काय बोलायचं, हा प्रश्न त्यांनाही पडत असेल.

पुढच्या खेपेला याल तेव्हा हॉटेलात सगळ्यांना एकदम जेवायला बोलावू नका. तिथं जो तो नटून येतो. एकीबरोबर महाद्वार रोडला फॉल-पिको करायला द्यायला जा. दुसरीच्या घरी रस्सा ठरला तर आदल्या दिवशी खोबरं भाजायला जा, जेवायच्या वेळेला पाहुण्यासारखं पोचू नका. एखाद्या संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध प्या, तिथं म्हैस समोरच पिळतात. मुलीला मात्र ते घरी आणून तापवूनच द्या, तिच्या पोटाला सवय नाही.

आज रात्री ओटा आवरायला घ्याल तेव्हा तो कुकरचा प्रश्न टाकून बघा. तोवर इथं सकाळ झालेली असेल.