वाडीवरची मुलं माझ्याशी बोलतच नाहीत

प्रश्न : ताई, मी कोथरूडची, यंदा मुळशीत जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलेय. वर्गात काही कातकरी मुलं आहेत, काही विचारलं की खाली बघतात, मधल्या सुट्टीत वेगळी बसतात. जुने सर म्हणतात फार जीव लावू नका मॅडम, दिवाळी झाली की ही गायब होतात. यांचा विश्वास कसा मिळवू?
— एक शिक्षिका

उत्तर : गायब कसली होतायत, वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात. घरच्यांनी मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला दिवाळीनंतर अख्खं कुटुंब निघतं ते पावसाच्या तोंडावर परत येतं. माझ्या मते तुमच्यावर विश्वास बसणार की नाही ते या जाण्या-येण्यातच ठरतं. दिवाळीआधी वाडीवर जा, हजेरीचा विषय न काढता, कुठल्या भट्टीवर चाललात ते विचारा, शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून आपली शाळा देते ते) भरून द्या आणि तिकडच्या शाळेला स्वतः फोन करा, नाहीतर ते कार्ड पत्र्याखाली खोचलेलं राहतं. मूल परत आलं की सगळ्यांदेखत 'इतके दिवस कुठे होतास' नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्याला वयानुसार वर्गात बसायचा हक्क आहे, आपण काही उपकार करत नाही.

खाली बघतात म्हणजे उद्धट नाहीत हो! घरी कातकरी बोलतात आणि वर्गात आपलं पुस्तकी पुणेरी मराठी, मग तोंड उघडलं की कोणीतरी हसणारच. त्यांच्या बोलीत उत्तर येऊ दे, लगेच दुरुस्त करू नका. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यातून वर कसे चढतात, खेकडा कुठल्या बिळात असतो, हे त्यांना सांगू दे, तुम्ही फळ्यावर लिहा.

आणि वेगळी बसतात की बसवली जातात, ते आधी बघा. 'उंदीर खातात' असं कोणी चिडवलं तर तिथल्या तिथे थांबवा, पोषण आहाराला त्यांच्याच पंगतीत बसा. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, तरी कितीतरी घरांत जातीचा दाखला नसतो. घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात चौकशी करून एका जरी घराला तो मिळवून दिलात तरी वाडीभर कळतं.

बाकी पुण्याहून कोणी वह्या वाटायला आलं तर वाटू दे, पण मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू देऊ नका, तुम्हीही ग्रुपवर टाकू नका.