नोकरी करता करता ऑनलाइन एमबीए: पाच हजार भरायच्या आधी हे वाच

तू जे लिहिलंयस त्यावरून मला समजलं ते असं. बीकॉम झालंय, वय 28, अंधेरी एमआयडीसीत बॅक ऑफिस, शिफ्ट 12 ते 9, राहायला नालासोपारा. टीम लीडरच्या पोस्टसाठी एचआरने पोस्ट ग्रॅज्युएशन मागितलं, तू कुठेतरी एक फॉर्म भरलास आणि तेव्हापासून एक काउन्सेलर रोज दोनदा फोन करतोय की 1 लाख 60 हजारात ऑनलाइन एमबीए, आज 5 हजार भरून सीट ब्लॉक करा, उद्यापासून फी वाढणार. विद्यापीठ नामांकित आहे का, डिग्री चालेल का, आणि जाता जाता बहिणीचं एमए सायकॉलॉजी ऑनलाइन होईल का, असे तुझे प्रश्न. वयाने बरीच मोठी आहे म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस.

आधी माझं सांगते म्हणजे मी एवढी खडूस का झाले ते कळेल. 2011 ला मी दादरच्या एका स्टडी सेंटरमध्ये 18 हजार भरले होते, दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठाचं डिस्टन्स एमबीए. विद्यापीठ खरंच होतं हां, बोगस नव्हतं, बिल्डिंग होती, कुलगुरू होते, सगळं होतं. फक्त त्यांना आपल्या राज्याबाहेर अशी सेंटर्स चालवायचा अधिकार नव्हता आणि ते मला कोणी सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. तेव्हा डिस्टन्सचं सगळं डिस्टन्स एज्युकेशन कौन्सिल बघायची, ती इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या, छताखाली होती, 2013 ला ती बंद होऊन कारभार यूजीसीकडे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाकडे, गेला आणि राज्याबाहेरच्या सेंटर्सवर बडगा आला. मी एक दिवस असाइनमेंट द्यायला गेले तर सेंटरच्या जागी मोबाइल कव्हरचं दुकान. त्या दुकानदाराला पण माझ्यासारखे रोज दोन-चार जण भेटत असावेत, कारण मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, ताई ते गेले.

तर त्यातून शिकलेली गोष्ट अशी की विद्यापीठ नामांकित आहे का हा प्रश्नच अर्धवट आहे. तो विशिष्ट कोर्स, त्या विशिष्ट पद्धतीने, म्हणजे ऑनलाइन की डिस्टन्स, आणि तू ज्या सेशनला अ‍ॅडमिशन घेतोयस त्या सेशनला, चालवायची परवानगी त्यांच्याकडे आहे का हे बघायचं. यूजीसीचा डिस्टन्स एज्युकेशन ब्युरो आहे, डीईबी म्हणतात, त्यांच्या साइटवर याद्या असतात, ऑनलाइनची वेगळी, डिस्टन्सची वेगळी, आणि वर्षात दोन सेशन असतात, एक जानेवारी-फेब्रुवारीचं, एक जुलै-ऑगस्टचं. मागच्या वर्षी नाव होतं म्हणजे या वर्षी असेलच असं नाही. विद्यापीठाचं नाव सापडलं की तिथेच थांबू नकोस, त्याच्या पुढे कोर्सची नावं असतात ती वाच. एमबीएला परवानगी आहे आणि तुला विकतायत एमएससी असं होऊ शकतं. आणि साइट एसी डॉट इन वर संपणारी सरकारीच उघड, गुगलवर सगळ्यात वर जी 'यूजीसी मान्यताप्राप्त टॉप 10' टाइपची पानं येतात ती बहुतेक या काउन्सेलर लोकांच्याच दुकानाची असतात.

ऑनलाइन आणि डिस्टन्स यातला फरक लोक मनावर घेत नाहीत. 2020 च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन कोर्सला राज्याची हद्द नाही, म्हणजे बेंगळुरूचं विद्यापीठ तुला नालासोपाऱ्यात बसून शिकवू शकतं. पण एखाद्या राज्यातल्या विद्यापीठाचं डिस्टन्स असेल तर ते त्याच्या हद्दीतच. आणि दोन्हीकडे फ्रँचायझी चालत नाही, अ‍ॅडमिशन विद्यापीठच देणार. तेव्हा 'आमच्या ठाण्याच्या ऑफिसला येऊन कॅश भरा' असं कोणी म्हणालं की समजून जा.

डिग्री चालेल का, तर हो. यूजीसीने 2022 च्या सप्टेंबरमध्ये स्पष्टच सांगितलं की मान्यता असलेल्या संस्थेची ऑनलाइन किंवा डिस्टन्स डिग्री नेहमीच्या कॉलेजच्या डिग्रीच्या बरोबरीची. पण बरोबरीची म्हणजे एचआरने तुला पोस्ट द्यायलाच पाहिजे असं नाही ना, म्हणून आधी तुझ्या एचआरला मेल टाक, तोंडी विचारू नकोस. अमुक विद्यापीठाचं ऑनलाइन एमबीए पॉलिसीत बसतं का, आणि फीचा काही भाग कंपनी देते का. आमच्याकडे असा नियम होता आणि चार वर्षं कोणाला माहीतच नव्हता, मी विचारलं म्हणून फाइलमधून बाहेर आला.

त्या काउन्सेलरने तुला डीईबी आयडीबद्दल काही सांगितलं का? 2024 च्या जुलै-ऑगस्ट सेशनपासून ऑनलाइन किंवा डिस्टन्सला अ‍ॅडमिशन घेणाऱ्या प्रत्येकाला तो लागतो. आधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी काढायचा, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, मग डीईबीच्या पोर्टलवर जाऊन आपला आयडी घ्यायचा. अर्ध्या तासाचं काम आहे, फुकट आहे, आणि स्वतःच करायचं. 'तुम्ही फक्त ओटीपी सांगा, आम्ही करून देतो' म्हणाला तर अजिबात देऊ नकोस. खरं तर मी या आयडीचा उपयोग माणूस ओळखायला करते, फोनवर विचारायचं की डीईबी आयडी कधी लागेल, आणि समोरचा त त प प करायला लागला की ठेवून द्यायचा फोन.

मुदतीचं पण बघ. तुझ्यासारख्या तीन वर्षांच्या पदवीनंतर पीजीला दोन वर्षं, यापेक्षा लवकर कोणी देत असेल, किंवा मागची तारीख टाकून, एका बैठकीत सगळे पेपर वगैरे, तर तो सरळ फ्रॉड आहे. वेरिफिकेशनमध्ये पकडला जातो आणि मग पोस्ट राहू दे, आहे ती नोकरी पण जाते.

बहिणीचं सांगते. सायकॉलॉजी ऑनलाइन किंवा डिस्टन्सने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सेशनपासून नवीन अ‍ॅडमिशनला बंद केलंय, न्यूट्रिशन वगैरे पण त्यातच गेलं. इंजिनीअरिंग, लॉ, नर्सिंग, फार्मसी हे तर आधीपासूनच चालत नाही, पीएचडी पण नाही. तिला कोणी अजून सायकॉलॉजीची सीट विकत असेल तर तिला म्हणावं रेग्युलर कॉलेजच बघ.

आता पैशाचं, कारण 1 लाख 60 हजार हा आकडा वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणतात ते विद्यापीठाचे हप्ते नसतात रे, बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीचं लोन असतं, तुझ्या पॅनवर, तुझ्या सिबिलमध्ये. आमच्या ऑफिसातल्या एकाने दुसऱ्या सेमिस्टरला सोडलं, त्याला वाटलं कोर्स बंद म्हणजे हप्ता बंद, कसला बंद, लोनवाल्याने विद्यापीठाला पैसे कधीच देऊन टाकलेले, हा आपला महिन्याला 6 हजार भरत बसला न शिकलेल्या मार्केटिंगचे. सही करायच्या आधी केएफएस नावाचा कागद माग, की फॅक्ट स्टेटमेंट, त्यात लोन कोणाचं, व्याज किती, एकूण परतफेड किती ते सगळं असतं, आरबीआयच्या नियमाने द्यावाच लागतो. शक्य असेल तर सेमिस्टरप्रमाणे फी भर, थेट विद्यापीठाच्या पोर्टलवरून. महाग पडलं तरी चालेल, अडकून तर पडणार नाहीस.

आणि स्वस्त पर्याय लोक का बघत नाहीत हे मला कळत नाही. त्या 18 हजाराच्या धड्यानंतर मी मुंबई विद्यापीठाच्या आयडॉलमधून, म्हणजे त्यांच्या डिस्टन्सच्या विभागातून, एमकॉम केलं, आता त्याचं नाव सीडीओई झालंय, 1971 पासून चालू आहे. करी रोडचं ऑफिस अर्धा दिवस टाकून कालिन्याला जायचे, सांताक्रूझला उतरून शेअर रिक्षा, पुस्तकांचा गठ्ठा पिशवीत घालून परत. ग्लॅमर शून्य, अ‍ॅप नाही, मेंटर नाही, 'करिअर सपोर्ट' नाही, पण त्या डिग्रीवर आजपर्यंत एकाही एचआरने भुवई उचलली नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, 1989 चं, इग्नू आहे 1985 चं. यांच्याकडे तुझ्या कामाचा कोर्स या सेशनला आहे का ते त्याच डीईबीच्या यादीत बघ. तुला फक्त टीम लीडरच्या पोस्टसाठी पीजीचा टिक मार्क पाहिजे असेल तर दीड लाख कशाला घालायचे? हां, खरंच काही नवीन शिकायचं असेल, डेटा वगैरे, तर वेगळी गोष्ट, मग आयआयटी मद्रासचा 2020 ला सुरू झालेला डेटा सायन्सचा ऑनलाइन कोर्स बघ, पण तो पदवीचा आहे, एचआरच्या पीजीच्या रकान्यात बसणार नाही, आणि तिथे आधी चार आठवड्यांचा क्वालिफायर, म्हणजे प्रवेशाची चाचणी, पार करावा लागतो आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते. सोपा नाहीये. आणि मोठ्या संस्थेच्या नावाचं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट म्हणजे डिग्री नव्हे, ते शिकण्यासाठी चांगलं असेल पण एचआरच्या रकान्यात भरता येत नाही.

मग येतो वेळ, आणि खरी मारामारी इथेच आहे. हिशोब कर. या कोर्सेसमध्ये एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास धरतात. चार क्रेडिटचा एक विषय म्हणजे 120 तास, सेमिस्टरला पाच विषय धरले तर 600 तास, सहा महिन्यांत 26 आठवडे, म्हणजे आठवड्याला 23 तास. एवढं कोणी करत नाही, मी पण नाही केलं, माझे जेमतेम दहा-बारा व्हायचे आणि परीक्षेच्या आधीच्या महिन्यात वीस. पण दहा तरी कुठून काढणार ते आत्ता कागदावर लिही. तू रात्री साडेदहाला घरी पोचणार, त्यानंतर अभ्यास वगैरे विसर, विरार फास्टमधून अंधेरीला चढून आलेला माणूस जेवून झोपतो. तुझी वेळ सकाळची, 7 ते 9. लोकलमध्ये अभ्यास होतो असं सगळे सांगतात, माझ्या मते ते चौथ्या सीटवर तरी टेकायला मिळणारे लोक असावेत. उभ्याने फक्त ऐकता येतं, म्हणून लेक्चर रात्री वायफायवर डाउनलोड करून ठेवायचं आणि एक कान मोकळा ठेवून ऐकायचं.

झेपेल का हे बघायला एक स्वस्तातला उपाय आहे. स्वयम किंवा एनपीटीईएलवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, आठ आठवड्यांचा एखादा मॅनेजमेंटचा कोर्स घे, शिकायला फुकट, परीक्षा द्यायची तर हजाराच्या आसपास फी आणि सेंटरवर जाऊन. दर आठवड्याला असाइनमेंट असते. आठही आठवडे वेळेत टाकू शकलास तर दोन वर्षं निभावशील. तिसऱ्याच आठवड्यात गळपटलास तर दीड लाख वाचले.

परीक्षेचं एक सांगते, हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं. 2022 ते 24 मी ऑनलाइन एमबीए केलं, तेव्हा भांडुपला वन आरकेत राहायचो आम्ही, मी, नवरा आणि सासूबाई. परीक्षा घरूनच, कॅमेरा आणि माइक चालू, खोलीत दुसरं कोणी नको, आवाज नको. मी आपला सकाळचा पहिला स्लॉट घेतला, डोकं ताजं असतं म्हणून. आणि आमच्याकडे पाणी यायची वेळ नेमकी तीच. मी तिसऱ्या प्रश्नावर, तेवढ्यात पलीकडे ड्रममध्ये धो धो पाणी, सासूबाई हळूच, अगदी चोरासारख्या, बादली घेऊन माझ्या मागून मोरीकडे, आणि स्क्रीनवर लाल पट्टी, दुसरी व्यक्ती आढळली. दोन वॉर्निंग झाल्या, तिसरीला पेपर बंद होणार होता. मी हात जोडून त्यांना मोरीतच बसवून ठेवलं वीस मिनिटं. पुढच्या वेळेपासून दुपारचा स्लॉट, मागे चादर बांधलेली, आणि सासूबाई शेजारच्या वहिनींकडे सिरियल बघायला. इंटरनेटला बॅकअप म्हणून नवऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवायचा, तोही वेगळ्या कंपनीचा. म्हणून विद्यापीठाला आधीच विचार, परीक्षा घरून की सेंटरवर, स्लॉट बदलता येतो का, मध्येच लाइट गेली तर काय. घर लहान असेल तर सेंटरवाली परीक्षा उलट बरी पडते.

बाकी प्लेसमेंटची आश्वासनं वगैरे वाचूच नकोस, विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा ग्रेड तेवढा बघ, ए प्लस म्हणजे 4 पैकी 3.26 च्या पुढे, पण तो पूर्ण विद्यापीठाचा असतो, तुझ्या ऑनलाइन कोर्सला शिकवणाऱ्या माणसाचा नाही. त्यापेक्षा लिंक्डइनवर त्याच कोर्सचे दोन-तीन पास झालेले शोधून मेसेज टाक, असाइनमेंट तपासून परत येतात का आणि मार्कशीट हातात यायला किती महिने लागले एवढंच विचार. तिघांपैकी एक तरी उत्तर देतोच, आणि जो वैतागलेला असतो तो सविस्तर देतो.

5 हजार आज भरू नकोस. फी उद्या वाढणार नाही, माझ्याशी पण तो 'उद्या' दोन महिने चालला होता. त्याने पाठवलेली ब्रोशरची पीडीएफ असेल तर शेवटच्या पानावर पैसे भरायचं अकाउंट कोणाच्या नावावर आहे तेवढं बघून इथे लिही, विद्यापीठाच्या की कुठल्या तरी प्रायव्हेट लिमिटेडच्या.