नेरळला राहायचं की माथेरानला?

प्रश्न : मेअखेरीस आम्ही सहाजण स्वित्झर्लंडला चाललोय, टूरबरोबर नाही, आपलं आपणच. आई सत्तरीची, धाकटा आठ वर्षांचा. इंटरलाकेनला चार रात्री बुक करणार होतो तर सोसायटीतले एक काका म्हणाले अरे तिथे काय ठेवलंय, वर व्हेंगेन नाहीतर ग्रिंडेलवाल्डला राहा. आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. काय करू?
– घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : काका चूक नाहीत, पण सहाजणांच्या बॅगा काका उचलणार नाहीयेत. इंटरलाकेन म्हणजे आपलं नेरळ समजा, खाली सपाटीला गाव, इथून वर जायच्या गाड्या. व्हेंगेन म्हणजे माथेरान, तिथे कार चालतच नाहीत, छोट्या ट्रेननेच वर जायचं. फरक एवढाच की नेरळला कोणी मुक्काम करत नाही आणि इंटरलाकेनला अख्खं जग करतं.

नाव लॅटिनवरून, दोन तळ्यांच्या मधलं म्हणून. एकीकडे थुन, एकीकडे ब्रिएन्झ, मधून आरे नदी (आपली आरे कॉलनी नाही). 1891 पर्यंत गावाचं नाव वेगळंच होतं, आरम्यूले. उंची जेमतेम 570 मीटर, म्हणजे लोणावळ्यापेक्षा कमीच, त्यामुळे हॉटेलात शिरल्या शिरल्या बर्फ दिसेल ही अपेक्षा सोडा.

खरं सांगू का, गाव म्हणून मला इंटरलाकेन फार आवडलं नाही. मेन रोडला घड्याळं, चॉकलेटं, परत घड्याळं. एक गोष्ट मात्र भारी, मधोमध होहेमाटे नावाचं मोठ्ठं हिरवं मैदान आहे आणि समोर युंगफ्राऊचं पांढरं शिखर. 1864 साली गावातल्या हॉटेलवाल्यांनी आणि इतरांनी मिळून ते विकत घेतलं, इथे बांधकाम करायचं नाही असं ठरवून, आणि आजही ते मोकळं आहे, वरून पॅराग्लायडिंगवाले येऊन उतरतात. ठाण्यात असतं तर आत्तापर्यंत तीन टॉवर आणि सॅम्पल फ्लॅट.

तरी माझं मत खालीच राहा, आणि त्याचं कारण हवा. युंगफ्राऊयोख म्हणजे वर बर्फातलं रेल्वे स्टेशन, त्याचं तिकीट महाग आणि वर ढग असले की पांढऱ्या भिंतीकडे बघून परत यायचं. वरच्या स्टेशनांवरचे वेबकॅम मोबाईलवर लाईव्ह दिसतात, सकाळी चहा पिता पिता ते बघायचे, वर स्वच्छ असेल तर निघायचं, नसेल तर त्या दिवशी बोट. इंटरलाकेनला दोन्ही पर्याय दारातच मिळतात, व्हेंगेनला राहिलात तर बोटीसाठी आधी खाली या आणि संध्याकाळी परत वर चढा. त्यामुळे युंगफ्राऊयोखची तारीख इथूनच फिक्स करू नका. वरच्या काही केबल कार मे महिन्यात मेंटेनन्सला बंद असतात, ते मात्र आधी चेक करा.

आता स्टेशनचा घोळ. ठाण्यात ईस्ट-वेस्ट म्हणजे पूल ओलांडला की झालं. इथे वेस्ट आणि ओस्ट ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, मध्ये वीस-पंचवीस मिनिटांची चाल, आणि ओस्ट म्हणजे ईस्ट. डोंगराच्या गाड्या ओस्टवरून, ब्रिएन्झची बोटही तिथूनच, थुनची बोट वेस्टजवळून. हॉटेल ओस्टच्या बाजूला घ्या, आईंचे पाय वाचतील.

अजून एक, हे आम्ही भोगलंय. ओस्टवरून सुटणारी गाडी झ्वाइल्यूचिनेनला मधोमध तुटते, अर्धी लाउटरब्रुनेनला, अर्धी ग्रिंडेलवाल्डला. आम्ही गर्दीत मिळेल त्या डब्यात चढलो, नवरा आणि सासूबाई पुढच्या, मी आणि लेक मागच्या, आणि गाडी तुटल्यावर खिडकीतून सासूबाई शांतपणे दुसऱ्या दरीत जाताना दिसल्या. पास सगळे माझ्याकडे! डब्यावर गावाचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचूनच चढा. गाड्या दर अर्ध्या तासाला असतात म्हणून निभावलं.

स्विस ट्रॅव्हल पास व्हेंगेन, म्युरेन, ग्रिंडेलवाल्ड या वरच्या गावांपर्यंत पूर्ण चालतो, तळ्यातल्या बोटींनाही चालतो. युंगफ्राऊयोखला त्याच्यावर नुसता डिस्काउंट.

आणि काकांचंही मन राखायचं असेल तर एक अख्खा दिवस लाउटरब्रुनेनला द्या. वीस मिनिटांवर, उंची माथेरानएवढीच, पण दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि गावाच्या डोक्यावर 297 मीटरचा श्टाउबबाख धबधबा. वाऱ्याने त्याचं पाणी अर्ध्यातच भुकटीसारखं उडतं, खाली उभं राहिलं तर चष्म्यावर नुसते बारीक थेंब.

प्रश्न : सासऱ्यांची बायपास झालीय. त्यांना जुंगफ्राऊला नेऊ का?
– खारघर, नवी मुंबई

उत्तर : हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, मला नको. हिशोब मी देते. युंगफ्राऊयोख स्टेशन (तिकडे ज चा य करतात) 3,454 मीटरवर आहे, 1912 साली सुरू झालं, ट्रेन आयगर डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून जाते. आता ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्सप्रेस ही केबल कार पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला सोडते आणि तिथे ट्रेन, म्हणजे सकाळी इंटरलाकेनला नाश्ता केलेला माणूस दुपारच्या आत तिथे, आणि वर ऑक्सिजन खालच्या दोन-तृतीयांशच. धडधाकट माणसालाही जिना चढताना धाप लागते. डॉक्टर नको म्हणाले तर म्युरेनला जाता येईल का तेही त्याच वेळी विचारून घ्या. ते साधारण आपल्या कळसूबाईच्या उंचीला आहे, आणि बाकावर बसून आयगर, म्योंख, युंगफ्राऊ तिन्ही शिखरं समोर.

प्रश्न : घरचं खाणं नेता येतं का? बाहेरचं जमत नाही.
– ऐरोली

उत्तर : खाकरा, तेलातली मेथीची पुरी, चटण्या, भाजणी, खुशाल न्या. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून न्यायला बंदी आहे, त्यामुळे श्रीखंडाचा डबा, पेढे आणि आजीचं तूप घरीच ठेवा. किचनवाली रूम घ्या, ओस्ट स्टेशनसमोरच सुपरमार्केट आहे, दही तिथलं झकास असतं. रविवारी बरीच दुकानं बंद, शनिवारीच भाजी भरून ठेवा. पाणी मात्र विकत घेऊ नका, नळाचं प्या.